दहा आण्यांचा आडोसा

पिकाची आणेवारी ठरवायला आलेल्या मामलेदारांनी हुरड्याची शेवटची मूठ तोंडात टाकली, मिशा पुसल्या आणि कारकुनाला सांगितलं, "लिहा, दहा आणे."

सोलापूरजवळच्या कुंभारी गावापलीकडची ती सगळी वाडी कारकुनाच्या वहीवर वाकली. सोळा आणे म्हणजे भरगच्च पीक. चार आण्यांच्या आत धरलं, तर सरकार त्या सालचा शेतसारा सोडणार. वर धरलं, तर भरा मुकाट्यानं. आणि त्या साली शिवारातली ज्वारी अशी, की उंदरालासुद्धा तिच्यात लपायला वाकावं लागे.

चूक श्रीमंत पाटलाची. सरकारी पाव्हणा येतो आणि हुरडा न खाता जातो, तर गावाचं नाक जातं. म्हणून त्यानं आपल्या विहिरीखालच्या एवढ्याशा हिरव्या वाफ्यातली टपोरी कणसं भाजून घातली. वर गूळ, शेंगांची चटणी, गाडगंभर दही. साहेबांनी त्या कणसांवरून सगळं शिवार जोखलं.

वाडीतल्या म्हाताऱ्या मायाक्काला आपली मेंढरं बाजाराच्या वाटेला लागलेली दिसू लागली. सारा भरायला तिच्याजवळ दुसरं होतं काय? तिनं साहेबांना विनवलं, जरा माळाकडं चला, माझं रान बघा. साहेब म्हणाले, बघितलं तेवढं पुरे.

आणि हुरड्यानं साहेबांच्या पोटात उचल खाल्ली.

शिपायानं घाईनं तांब्या भरून दिला. एरवी त्या मुलखात उभ्या ज्वारीत शिरलं की झालं, राजालाही तेवढा आडोसा पुरतो. साहेब माळाकडं धावले आणि मायाक्काच्याच रानात बसले. पगडी दिसली, खांदे दिसले. पगडी काढली, तर टक्कल असं चमकलं की कुंभारीतल्या बाया कपाळावर हात धरून बघू लागल्या. साहेब उठून तिच्या शेजारच्या येडूच्या रानात गेले. तिथं गुडघेही झाकेनात. तांब्यातलं पाणी हिंदकळत साहेब बांधामागून बांध ओलांडू लागले, आणि वाडी मागोमाग. पाव्हण्याला एकटं कसं सोडायचं?

शेवटी साहेब एका बांधाशी वाकून थांबले. मायाक्का पुढं झाली.

"म्हातारे, पाठ फिरव," साहेब कळवळले.

"फिरवती की. पर साहेब, दहा आण्याच्या पिकात हत्ती बसला तरी दिसत न्हाय. तुमी कसं दिसताय?"

साहेबांनी चहूकडं पाहिलं. पार आभाळ टेकेपर्यंत आडोसा नव्हता.

"तीन," ते पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा की. कारकून लई लांब हाय."

"तीन आणे! लिहा, तीन आणे!"

ती आरोळी ऐकून सोलापुरात नव्या पेठेतल्या कापडवाल्यांच्या हातातले कापड मोजायचे गज थांबले म्हणतात. कारकुनानं लिहिलं, शाई वाळवली, आणि वही वर धरून दाखवली.

तेव्हा मायाक्कानं खांद्यावरची घोंगडी काढली, पाठ फिरवली आणि दोन्ही हातांनी ती ताणून धरली. शेजारी येडूनं आपली धरली. पाटलानं उपरणं सोडलं. बघता बघता सगळी वाडी साहेबांभोवती कडं करून, पाठमोरी, खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

त्या साली त्या शिवारात इतकं दाट दुसरं काही उभं राहिलं नाही.