वळणापलीकडे

"बाबा, अजून किती?"

"झालंच! त्या वळणापलीकडे आपली गाडी."

नॉर्वेच्या बर्फात बापाने चौथ्या वळणावरही हेच सांगितलं, तेव्हा पाच वर्षांच्या लेकीने पायातल्या स्कींसकट बसकण मारली. लाच म्हणून आणलेले डिंकाचे लाडू संपले होते. त्याच्या कमरेला बांधलेल्या घसरगाडीत धाकटा घोरत होता. लहानपणी बैलाची शेपटी पिरगाळल्याचा बापाला मनापासून पश्चात्ताप झाला.

"हौस तुलाच होती," म्हणत बायको पुढे घसरत गेली.

लेकीला उठवायला वाकलेला बाप स्वतःच आडवा झाला आणि उठेचना.

लेक धडपडत उभी राहिली. त्याच्या मिशीवरचा बर्फ झटकत म्हणाली, "ऊठ ना बाबा! त्या वळणापलीकडेच गाडी आहे."

गाडी दोन किलोमीटर लांब आहे हे ठाऊक असूनही बापाला धीर आला.