लाल दिवा

परळच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात लवू परब मशीनवर हनुवटी टेकवून बसले होते. मोतीबिंदू आणि सुटलेला पडदा, दोन्हींचं ऑपरेशन एकदमच व्हायचं होतं आणि आत बसवायच्या लेन्ससाठी त्याआधी डोळ्याचं माप हवं होतं. बाहेर बाकावर कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, "दिवा दिसत नाही म्हणालात, की डोळा गेला म्हणून घरी पाठवतात."

"काका, लाल दिवा दिसतोय ना? त्याच्याकडेच बघा," माप घेणारी मुलगी म्हणाली.

समोर नुसता काळोख होता. लवूंनी हनुवटी आणखी घट्ट टेकवली.

"दिसतोय की."

तिने परत माप घेतलं, परत तेच विचारलं. भीतीने लवूंच्या तोंडून मालवणीच निघाली. "दिसता गो बाय, चांगलो दिसता."

तिने माप लिहून घेतलं आणि लेन्स मागवायला सांगितली. सुटलो एकदाचा, म्हणत लवू बायकोचा हात धरून दारापर्यंत आले. मागे त्याच खुर्चीवर एक आजी सांगत होत्या, "मला नाही गं दिसत कसला दिवा."



"काही बिघडत नाही आजी, ऑपरेशन होणारच आहे, तुमचं माप आपण सोनोग्राफीवर घेऊ, न दिसता दिसतो म्हणतात ना, त्यांनाच चुकीची लेन्स बसते."