दोन पाणलोटांत एक घर

दौलतराव आपल्याच घराच्या आढ्यावर, रेड्यावर बसावं तसे, दोन्हीकडे पाय सोडून बसले होते. उजवा पाय लेंडीनाल्याच्या पाणलोटात, डावा मोहनाल्याच्या. हे त्यांचं म्हणणं नव्हतं. खाली अंगणात उभ्या असलेल्या, सरकारी पाहणीला आलेल्या मंजुषा मॅडमच्या नकाशात तसं होतं.

मे महिन्याचं ऊन. छपराच्या कवेलूंवर पापड टाकला असता तर भाजून निघाला असता, आणि दौलतराव तर पापडापेक्षा बरेच वजनदार.

"दादा, नीट ऐका," पाण्याच्या बाटलीतून घोट घेत मॅडम खालून म्हणाल्या. "यंदा सगळ्या खात्यांचा मिळून एकच जलआराखडा होतोय. त्यात प्रत्येक घर, प्रत्येक विहीर कुठल्या तरी एकाच पाणलोटात बसली पाहिजे. आणि संगणकानं रेघ मारली ती नेमकी तुमच्या आढ्यावरून."

"मंग पुसून टाका ना बाई."

"ती पुसता येत नाही. वरून आलीय."

दौलतरावांनी वर पाहिलं. वर नुसतं आभाळ होतं, आणि तेही कोरडं ठाक.

रेघेशी त्यांचं काही वैर नव्हतं. घोर होता तो परसातल्या विहिरीचा. विहीर अशी आटली होती की तिच्यातला म्हातारा बेडूक मागल्याच आठवड्यात पायऱ्या चढून वर आला आणि लेंडीनाल्याकडच्या तानबाच्या विहिरीत राहायला गेला. जाताना त्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाणलोट एकदा ठरला की विहीर खोल करून मिळणार होती. ज्याचा पाणलोट पहिल्या टप्प्यात, त्याची यंदा. दुसऱ्याची पाच वर्षांनी. आता पाच वर्षं दम धरा म्हणून विहिरीवरच्या वांग्यांना सांगायचं कसं? आणि वांगी गेली की कारंज्याच्या बाजारात मांडायचं काय?

पहिल्या टप्प्यात कोणता नाला, तिथंच सगळा घोळ होता. होळीच्या सुमारास बांधबंदिस्तीचे साहेब सांगून गेले, लेंडीनाला. मग विहिरीवाले साहेब आले, ते म्हणाले मोहनाला. दोघांच्याही गाड्या पांढऱ्या, दोघांचाही आवाज ठाम.

"बाई, पयला नंबर कोनत्या नाल्याचा, तेवढं सांगा ना," दौलतरावांनी गळ घातली.

"ते आधी नाही सांगता येत. नाहीतर जो तो सोयीचंच बोलेल. आधी तुमचं पाणी कुठं जातं ते ठरू द्या."

अंगणात निम्मं गाव जमलं होतं. तानबा पुढं सरसावला. "दौलतभाऊ, लेंडीकडे जाते म्हन! आपला नाला हाये."

"काऊन लेंडीकडे?" मोहनाल्याकडचा प्रेमदास उसळला. "तिकडे गेला तं जन्मभर या तानबाच्या मागं लायनीत उभा राह्यशीन. मोहाकडे ये!"

"तुह्या मागं उभं राह्यल्यापरीस बरं!"

"भांडू नका," मॅडम म्हणाल्या. "प्रयोगच करू. दादा, आढ्यावर पाणी ओता. जिकडे जास्त वाहील, तो तुमचा पाणलोट."

पाण्याचं नाव निघताच जो तो मागं सरकला. कुणी आपल्या घराकडे पाहीना. शेवटी दौलतरावांची बायको धुरपताबाईच आत गेल्या आणि सकाळी हायवेवरच्या ढाब्यातून डोक्यावर आणलेली घागर घेऊन शिडी चढल्या.

"अवो, जपून. दिवसभराचं पानी हाये हे."

"कोनीकडे ओतू?" दौलतरावांनी हळूच विचारलं.

"मले का मालूम? वर तुमी बसले. तुमालेच दिसत असन."

धुरपताबाई उतरून आत गेल्या. दौलतरावांनी दोन्हीकडे नजर टाकली. उजवीकडे लेंडीनाला पांढराफटक, डावीकडे मोहनाला पांढराफटक. एकात बकऱ्या बसलेल्या, दुसऱ्यात पोरांनी क्रिकेटचे स्टंप रोवलेले. त्यांनी घागर उजवीकडे कलती केली; बांधवाल्या साहेबांचा चेहरा आठवला, तो फारसा भरवशाचा वाटला नाही. डावीकडे कलती केली. मग विहिरीवाल्या साहेबांचा आठवला. खालून तानबा ओरडत होता, प्रेमदास ओरडत होता, कोण काय म्हणतं तेच कळेना. अखेर दौलतरावांनी डोळे मिटले आणि घागर मधोमध उपडी केली.

पाणी उजवीकडे गेलं नाही. डावीकडेही गेलं नाही. हिवाळाभर वानरांनी त्या आढ्यावर धिंगाणा घातला होता आणि फुटले-सरकलेले कवेलू फेरायचे अजून बाकी होते. गुडगुड असा आवाज झाला आणि पाणी जागच्या जागी दिसेनासं झालं.

मॅडमचा चेहरा मात्र उजळला. "मुरलं! दादा, सगळंच्या सगळं मुरलं! तुमचं घर तर पुनर्भरण क्षेत्रात येतं!" त्यांनी नकाशावर दौलतरावांच्या घराला हिरवा रंग फासला.

"म्हंजे भेटली का विहीर?"

"छे! पुनर्भरण क्षेत्रात खोदकाम करायचं नसतं. इथलं पाणी इथंच मुरू द्यायचं. तुम्ही झाडं लावा."

"अन् झाडाले पानी?"

"ते आराखड्याच्या दुसऱ्या भागात आहे."

तानबानं प्रेमदासकडे पाहिलं, प्रेमदासनं तानबाकडे. आता हा कुणाचाच राहिला नव्हता, तेव्हा ओरडण्यातही अर्थ नव्हता. दौलतराव रिकामी घागर मांडीवर घेऊन बसून राहिले. उतरायचं होतं, पण कोणत्या अंगानं उतरावं तेही त्यांना सुचेना.

तेवढ्यात घरातून, चुलीपाशून, धुरपताबाईंचा आवाज आला.

"अवो, ऐकलं का? मॅडमच्या बाटलीतलं बी ओता म्हना! इकडे भाताचा गंज निम्मा भरला!"