सुयुंशीचा कोट

शनिवारची रात्र, अकराचा सुमार. अस्ताना शहरात नदीच्या डाव्या किनाऱ्यावरच्या त्या झगमगीत क्लबच्या तळघरात, नाचगाण्याच्या हॉलबाहेर, कोट ठेवायच्या खिडकीशी रांग लागली होती. बाहेर उणे अठ्ठावीस. कामशात अपा एकेक कोट आत घेत होती, हातावर बिल्ला ठेवत होती आणि दर दोन कोटांमागे फोनकडे बघत होती. तळघरात फोनला रेंज मिळत नसे, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी बघत होती.

तिची लेक आकमाराल दुपारपासून प्रसूतिगृहात होती. तिथे एकालाच थांबू देतात. जावई थांबला होता. घरी बसून भिंतींकडे बघण्यापेक्षा कामावर गेलेलं बरं, म्हणून अपा आली होती. याआधी दोनदा आकमाराल रिकाम्या हातांनी घरी परतली होती. त्यामुळे या खेपेला अपाने साधं टोपडंसुद्धा विणलं नव्हतं, की कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. फक्त दारावरच्या बेकझातने संध्याकाळी विचारलं होतं, "अपा, डोळे का सुजलेत?" तेव्हा त्याला सांगावं लागलं.

हा बेकझात म्हणजे एक प्रस्थ होतं. कोणाला आत सोडायचं आणि कोणाला नाही हे ठरवणारा. बड्या साहेबांच्या पोरांना त्याने बुटांवरून परत पाठवलेलं. हसताना त्याला कोणी पाहिलं नव्हतं, आणि तीन वर्षांत तो एकदाही दार सोडून खाली आला नव्हता.

शोल्पान बाईंनी खिडकीत बिल्ला ठेवला. दर शनिवारी येणाऱ्या, सोनेरी टाचांच्या बाई. त्यांचा मिंकच्या फरचा महागडा कोट अपाने खुंटीवरून काढला, तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. बेकझात.

दार सोडून आला म्हणजे चांगलं काही नसणार. तिने तो कोट छातीशी गच्च धरला.

बेकझात रांग कापत खिडकीशी आला. भुवयांवर बर्फ, छाती भात्यासारखी वरखाली. आणि ओरडला, "सुयुंशी, अपा! सुयुंशी!"

आधी बक्षीस मागायचं आणि मग गोड बातमी सांगायची, अशी ही रीत. वाईट बातमी आणणाऱ्याच्या तोंडी हा शब्द कधीच येत नाही. अपाला पुढचं काही ऐकायची गरजच उरली नाही. "घे! घे लेका, घे!" म्हणत तिने हातात होतं ते त्याच्या अंगात चढवलं आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडू लागली. रडत होती आणि हसत होती.

रांगेतले सगळे शोल्पान बाईंकडे बघत होते.

अपाने डोळे पुसले आणि तिला समोरचं दिसलं. "अगं बाई! बाईसाहेब, हा तर तुमचा... बेकझात, काढ, काढ आधी!"

बेकझात घाईघाईने बाही ओढू लागला. कोट त्याच्या खांद्यांत अडकून बसला होता.

"खबरदार काढलास तर!" शोल्पान बाई कडाडल्या. "दिलेली सुयुंशी कोणी परत घेतं का रे? माझ्या आजीने ऐकलं असतं तर हाणलं असतं मला. राहू दे अंगावर, शोभतोय." मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आता बोल. मुलगा की मुलगी?"

बेकझात एवढा दांडगा गडी, पण कानांपर्यंत लाल झाला.

"ते... ते विचारायचं राहिलं. जावई दाराशी येऊन 'बाळ झालं' एवढंच म्हणाला. तो आधी पोचला असता तर सुयुंशी त्याला मिळाली असती ना! म्हणून धावलो."

"आणि त्याला कुठे ठेवलास?"

"बाहेर. त्याच्या पायात बांधकामावरचे बूट आहेत."

अख्खी रांग हसत सुटली. अपा खिडकीचं फळकूट उचलून बाहेर आली आणि गुडघेदुखी विसरून जिना चढू लागली. मागे मिंक घातलेला बेकझात, त्याच्या मागे उघड्या खांद्यांच्या शोल्पान बाई, आणि त्यांच्या मागे ज्यांचा काही संबंध नव्हता ते सगळे.

वर दार सताड उघडं. संध्याकाळपासून परत पाठवलेली मंडळी केव्हाच आत घुसली होती. बाहेर एकटा जावई, तायमास, उभा होता, नाक लाल करून.

"अरे, आत का नाही आलास?" अपा म्हणाली.

तायमासने बेकझातकडे बोट दाखवलं. "हे म्हणाले, इथून हलू नकोस."

"आकमाराल?"

"झोपलीये. बरी आहे, अपा. मुलगी झाली."

अपाने त्याची बाही धरली. खरा प्रश्न अजून विचारायचाच होता, आणि तो विचारताना तिचा आवाज अगदी बारीक झाला.

"रडली का रे?"

"रडली? अख्खं इस्पितळ डोक्यावर घेतलंय तिने! दाराबाहेरून रेकॉर्ड करून आणलंय." त्याने गारठलेल्या बोटांनी फोन काढला. सगळ्यांनी माना पुढे केल्या. पण खालच्या ढोलांच्या दणक्यात काही म्हणता काही ऐकू येईना. अपा फोन कानाशी दाबून धरत होती.

बेकझातने मिंकची कॉलर सावरली, जिन्यात वाकला आणि जन्मात ओरडला नसेल असा ओरडला, "ए, बंद करा ते गाणं! आमची पोरगी रडतेय!"