फादरचा कप

माझी नात डर्वला कुणाच्याही घरी गेली की आधी कप उलटा करून बघते. ही खोड मीच लावली. तळाच्या शिक्क्यात आयर्लंड लिहिलेलं नसलं, की कप फार जुना समजायचा, एवढं मी तिला शिकवलं होतं.

आमच्याकडे तिच्या पणजीचे सहा कप आहेत. फादर ट्वोमी आले, की तेवढ्यापुरते ते कपाटातून निघतात. डर्वलाला त्यातून चहा प्यायची केवढी हौस, पण तिची आजी फिलोमिना हात लावू देत नाही.

परवा फादरनी चहा संपवला आणि डर्वलाने त्यांचा कप उलटा केला. "आजोबा, याच्यावर आयर्लंड आहे. आणि खाली लिहिलंय, डिशवॉशरमध्ये चालेल."

फादरचे कान लाल झाले. "फिलोमिनाबाई, ईस्टरला माझ्या हातून आधीच्या कपाचा टवका उडाला. तुम्हाला कळायच्या आत मी स्लायगोच्या दुकानातून त्याच नक्षीचा आणून बदलला."

फिलोमिना हसतच सुटली. "तुमच्या हातून गेला तोही स्लायगोच्या दुकानातलाच होता, फादर. खरा तर मी केव्हाच फोडलाय."

डर्वलाने कप सरळ करून आजीपुढे धरला. "मग ओत याच्यात मला चहा."