माघारी आलेला मध

मधात कसलंसं रसायन सापडलं आणि दुकानोदुकानी गेलेल्या बाटल्या माघारी आल्या. गोदामात छतापर्यंत रचलेल्या बाटल्यांवर दुपारचं ऊन पडलं, तेव्हा कंपनीसाठी मध चाखून पारखणाऱ्या बाई हरखून म्हणाल्या, "मेलं सोनं दिसतंय नुसतं!"

बोटभर चव घ्यायची आणि उरलेली बाटली लेकीसाठी घरी न्यायची, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. हाताला वळण तेच. त्यांनी झाकण उघडलं, करंगळी बुडवली आणि चाटलीसुद्धा.

"अहो बाई, विष आहे ते!" बाटल्या माघारी घेऊन आलेला ट्रकवाला ओरडला.

बाईंनी जीभ चावली. थुंकायला वळल्या आणि तशाच थबकल्या. बाटल्या सरळ उभ्या होत्या, पण प्रत्येकीतला मध बाईंच्या बाजूला चढला होता.

त्या डावीकडे सरकल्या. मधही सावकाश सरकला, सूर्यफुलांचं अख्खं शेत वळावं तसा. बाईंचे हात आपसूक जोडले गेले.

ट्रकवाला बिचकत पुढे आला. मधाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"मी गोड खातच नाही," तो पुटपुटला.

तेवढ्यात बाईंना सोडून सगळा मध दाराकडे वळला. बाईंसाठी जेमतेम बोटभर चढलेला तो आता पार झाकणांना जाऊन भिडला. काचा उजळल्या. दारात कोणीच नव्हतं.

मग बाहेर पावलं वाजली.

"आई," लेकीचा आवाज आला, "डबा घरीच विसरलीस की गं!"