बघून दिलेली टाळी

"ढोल या मुलांपैकी एकालाही ऐकू येत नाही, सर. मग टाळी पडते कशी, तेवढं दाखवा," असं म्हणत मंदाकिनीने खुर्ची ओढली आणि योगिनीच्या अगदी पाठीशी, लाकडी फळ्यांच्या जमिनीबाहेर फरशीवर ती मांडून बसली. लेकीचं, योगिनीचं, नाव गरब्यातून काढायचंय, हे तिने आल्या आल्या सांगून टाकलं होतं. शनिवारी गोत्रीच्या पटांगणात एवढ्या लोकांपुढे पोरीचं हसं व्हायला नको होतं तिला.

सलील सरांनी वाद घातला नाही. "जुओ ना, बेन, बघा तर खरं. ढोल वाजला की फळ्या थरथरतात, ते पायांना कळतं," म्हणत त्यांनी ढोल फळ्यांना टेकवला आणि थाप मारली. आज फेर नव्हता, जागच्या जागी नुसती तीन टाळी. बारा मुलांची वर्तुळात एकदम पडली. एक, दोन, तीन.

पायांना कळतं म्हणे! मंदाकिनी अशी एकदा फसली होती. बोलायला शिकवणाऱ्या एका बाईंनी योगिनीला चारचौघांत 'आई' म्हणायला लावलं होतं, आणि बाईंच्या ओठांकडे न बघता पोरीला ते पुन्हा कधी जमलं नाही.

"तुम्ही तोंड फिरवा, सर."

सरांनी ढोलासकट भिंतीकडे तोंड केलं. टाळ्या पडतच राहिल्या. पण मंदाकिनी डोळ्यांत तेल घालून बघत होती. समोरच्या मुलांच्या नजरा सारख्या तिच्याच रोखाने येत होत्या. तिने गर्रकन मागे पाहिलं. मागे खिडकी, आणि खिडकीबाहेर झाडलोट करणाऱ्या कमळाबाई हात वरखाली करत उभ्या.

सापडला चोर! मंदाकिनी उठली आणि तिने खिडकीची दारं धाडकन लावून घेतली.

"माझ्यावर कशाला रागावता, बेन? मी तर सतरंजी झटकते," बाहेरून कमळाबाई म्हणाल्या.

मंदाकिनीच्या मागे टाळी पडली, अगदी थापेवर. पुन्हा पडली. मुलांच्या नजरा होत्या तिथेच होत्या.

"मग ही सगळी बघतात तरी कुणाकडे?" तिचा आवाज चढला.

"योगिनीकडे," भिंतीकडे तोंड ठेवूनच सर म्हणाले. "बाकीच्यांचा अजून स्वतःच्या पायांवर विश्वास बसत नाही."

"आणि योगिनी कुणाकडे बघते?"

 सरांनी थाप चालू ठेवली.

मंदाकिनी तरातरा फळ्यांवर चढली आणि वर्तुळ ओलांडून लेकीच्या समोर गेली. योगिनीने डोळे गच्च मिटले होते. हनुवटी खाली, आणि चेहऱ्यावर कसलीही भीती नाही. मंदाकिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नऊ वर्षं ती या पोरीच्या पाठीशी बसत आली होती.

तेवढ्यात टाळी चुकली. आधी योगिनीची, मग तिच्याकडे बघणाऱ्या सगळ्यांची.

योगिनीने डोळे उघडले. समोर आई, आणि आईच्या पायांत फळ्या हादरवणाऱ्या टाचांच्या चपला. निघायच्या घाईत असल्यामुळे मंदाकिनीने त्या दाराशी काढल्याच नव्हत्या.

कपाळाला आठी घालून योगिनीने आधी त्या चपलांकडे बोट केलं, मग दाराकडे.